डावा हात

तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर सातशे चौदा भागिले सात असं गणित मांडलं आणि चौथीच्या एकोणीसच्या एकोणीस पोरांनी हात वर केले. प्रमोदिनीबाईंना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही.

कारण हे हात वर करायला बाईंनीच शिकवलं होतं. तपासणीला कुणी आलं की हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बाई उजव्यातला एक निवडणार, साहेब खूश होणार, वर्ग हुशार ठरणार. अहो, शुद्ध लबाडीच ती! पण गेल्या वर्षी याच साहेबांनी 'भागाकार कच्चा' असा शेरा मारला होता आणि पलूसच्या शिक्षकांच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. बावीस वर्षं नोकरी झालेली बाई, खाली मान घालून बसली होती. यंदा पुन्हा तेच झालं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

बाईंनी वर्गावर नजर फिरवली. उजवे हात तीनच. धवलचा, सन्मतीचा आणि... ब्राह्मीचा?

ब्राह्मी म्हणजे डाव्या हातवाल्यांची म्होरकी! जूनपासून तिचा उजवा हात कधी वर गेला नव्हता. मधल्या सुट्टीत ती, गुंडा आणि बाकीची डावी फौज पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसायची. तिथं काय उचापती चालायच्या देव जाणे. खडूच्या डब्यातले तुकडे गायब व्हायला लागले तेव्हा बाईंनी गुंडाला चांगलं फैलावर घेतलं होतं. आणि आजचं गणित तर भलतंच चकवा देणारं. मधलं शून्य विसरून भलेभले बारा लिहून मोकळे होतात.

"बोलवा, बाई, कुणाला तरी," साहेब म्हणाले.

धवलचं नाव ओठांवर आलंच होतं. पण बाई आधी ब्राह्मीपाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "अगं, हात चुकलाय तुझा. डावा कर."

"चुकला न्हाई, बाई." पोरीनं हात खाली घेतला नाही. "डाव्या हाताचा लय कंटाळा आलाय."

बाईंना चटका बसला. आपल्याला कुणी विचारू नये म्हणून हात वर करायचा, हे या लेकराला आठ महिने त्यांनीच शिकवलं होतं! त्या सरळ उभ्या राहिल्या.

"ब्राह्मी, जा फळ्याकडं."

ब्राह्मी गेली. खिशातून तिनं खडूचा एवढासा तुकडा काढला, डब्यातून गायब व्हायचा तसलाच. सात एके सात. एक लिहिला. पुढचा एक खाली उतरवला आणि ती थांबली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. संपलं, बाईंना वाटलं, आता ही थेट चौदा घेणार आणि दोन लिहून मोकळी होणार. ब्राह्मीनं मागं वळून गुंडाकडं बघितलं.

"एकाला सातचा भाग जात न्हाई," ती ठणकावून म्हणाली. "म्हणून जागा मोकळी सोडायची न्हाई. शून्य लिवायचं." मग चार खाली आला, सात दुणे चौदा झाले. उत्तर एकशे दोन.

"शाब्बास!" साहेबांनी वही उघडली. "बाई, गेल्या वर्षी या वर्गात एकालाही हे शून्य जमलं नव्हतं. ही पोर कशी शिकली? काय केलंत तुम्ही? सांगा, अहवालात तुमच्या नावानं लिहितो."

गेल्या वर्षीचा शेरा पुसून टाकायची हीच वेळ होती. जादा तास, गटकार्य, खेळातून गणित, शब्द सगळे जिभेवर तयार होते. कुणी हरकत घेणार नव्हतं. गुंडा तेवढा मागच्या बाकावरून टक लावून बघत होता.

बाईंनी हात वर केला. डावा.

"हे काय, बाई?" साहेब गोंधळले. पोरांना मात्र लगेच कळलं. कुणीतरी खुदकन हसलं आणि फळ्यापाशी उभ्या ब्राह्मीनं खडूसकट उजवा हात ताठ वर केला.

"सायब, बाईस्नी न्हाई येत. मला इचारा."