तिसऱ्यांदा सुटला

शेवटच्या चढाईचे अठरा सेकंद उरले होते अन् नवाब अजून बद्रीच्या कोपऱ्याकडं फिरकला नव्हता.

गारखेड्याच्या क्रीडा संकुलात सकाळपासून निवड चाचणी चालली होती. व्यावसायिक कबड्डी लीगमधल्या एका संघाला इथून एकच खेळाडू न्यायचा होता. चढाईचा असो का पकडीचा, जागा एकच. संघाचे प्रशिक्षक काकासाहेब मॅटच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. दुपारपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं की जागा एक तर खुलताबादच्या नवाबची, नाहीतर बजाजनगरच्या बद्रीनाथची.

नवाब लीगचे दोन मोसम खेळलेला. तिसऱ्या मोसमात त्याला कुणी घेतलं नाही. परत जायला हीच वाट होती, अन् नेमका चार महिन्यांमागं सरावात त्याचा डावा गुडघा फिरला. बद्रीनंच त्याला मोटारसायकलवर टाकून दवाखान्यात नेलं. वर्षभर खेळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ही गोष्ट त्या दोघांपलीकडं गेली नव्हती. नवाबनं अजराला, आपल्या बायकोलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

बद्रीचं वय एकतीस. अकरा वर्षं त्यानं उजवा कोपरा राखला, पण लीगचं बोलावणं एकदाही आलं नाही. त्याच्या हाती घोटा लागला की चढाईवाला जागेवर बसतो, असं सगळे म्हणायचे. आजही त्यानं दोघांना खांद्याच्या धडकेनं मॅटबाहेर उडवलं होतं. दुसरा तर थेट पाण्याच्या बादलीत जाऊन पडला.

नवाब मात्र त्याच्या हातून दोनदा निसटला होता. पहिल्यांदा नवाबला वाटलं, नशीब. दुसऱ्यांदा बद्रीनं डावाच घोटा पकडला. गुडघ्यात कळ उठते न उठते तोच पाय मोकळा झाला. नवाबनं वळून पाहिलं, तर बद्री खाली मान घालून उभा.

आता गुण बरोबरीत होते. दम संपत आला होता. समोर मधली साखळी दाटली, अन् नवाबला कोपऱ्याकडं वळावंच लागलं. त्यानं बद्रीच्या खांद्याला हात लावला अन् मागं झेप घेतली. बद्री आडवा पडला. डाव्या घोट्याला दोन्ही पंजे भिडले. आता गुडघा गेला, नवाबच्या मनात आलं, सगळंच गेलं.

पण घोटा सुटला. नवाबचा हात मध्यरेषेवर पोचला अन् शिट्टी वाजली.

काकासाहेबांनी तिथंच त्याचं नाव पुकारलं. पोरांनी त्याला उचलून घेतलं. बद्री गर्दीतून आला, खांद्यानं त्याच्या खांद्याला ढोसलं अन् म्हणाला, "जिंकलास गड्या. आता जप."

एवढं बोलून तो निघून गेला. नवाबला 'जप' हा शब्द काट्यासारखा टोचला. दोघांना उडवणारा माणूस मला तीनदा सोडतो? अकरा वर्षं ज्याची वाट बघितली, ती जागा ह्यानं माझ्या गुडघ्यापायी टाकून दिली?

तासभर तो पायऱ्यांवर बसून राहिला. अजराचा फोन दोनदा वाजला, त्यानं उचलला नाही. मग उठून काकासाहेबांसमोर उभा राहिला.

"सर, माझं नाव काढा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"डावा गुडघा गेलाय. बद्रीला ठाऊक होतं, म्हणून त्यानं मला सोडलं. खरी जागा त्याची."

काकासाहेबांनी हातातली यादी मांडीवर ठेवली. "ही गोष्ट मला दाबता येणार नाही, नवाब. उद्या सगळ्या संघांना कळेल. तुला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

"मालूम हय, सर."

"विचार कर."

"केला."

काकासाहेबांनी यादीतलं नाव खोडलं, त्याच्यावर बद्रीनाथचं लिहिलं. "दोस्त असावा तर असा," ते पुटपुटले. "त्याला सांग, उद्या सकाळी दहाला वैद्यकीय तपासणी."

नवाब रिक्षा करून बजाजनगरला पोचला तेव्हा दिवस मावळत होता. गुडघा ठणकत होता, पण छाती हलकी झाली होती. आयुष्यात आपण एक तरी काम नीट केलं, असं त्याला वाटत होतं. बद्रीची खोली दुसऱ्या मजल्यावर. नवाब कठड्याला धरून एकेक पायरी चढला.

दार उघडंच होतं. बद्री भिंतीला टेकून जेवायला बसला होता अन् त्याची बायको आशाबाई त्याला घास भरवत होती.

"वा रे वा!" नवाब हसला. "लग्नाला आठ वर्षं झाली, अन् अजून नवरदेवाची हौस फिटली नाय व्हय?"

आशाबाईनं हातातला घास ताटात ठेवला.

"आज तोंड गोड कर, वहिनी. सरांना सगळं सांगून आलो मी. गुडघ्याचं बी, अन् ह्यानं मला तीनदा सोडलं ते बी. माझं नाव काढलं, ह्याचं घातलं. उद्या दहाला तपासणी. जा बद्री, खेळ आता."

आशाबाईनं पदर तोंडाशी नेला.

"तू हे काय करून बसलास?" बद्री म्हणाला. "मी सोडलं नव्हतं रे तुला. तिन्ही बार जीव खाऊन धरलं होतं."

त्यानं दोन्ही हात पुढं केले अन् मुठी वळायला गेला. बोटं उघडीच राहिली.