पोटात ठेवलेलं

डॉक्टरांनी आधी तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग तिच्या पोटावर ठेवले.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

फाइलवर तिचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता, एकतीस. ती छताकडे बघत पडली होती. डॉक्टरांना आज अजिबात घाई नव्हती. बरगडीखाली बोटं रुतवून, श्वास आत-बाहेर करायला लावून ते इंच न् इंच चाचपत होते. वर्षभराच्या अभ्यासातली ही शेवटची तपासणी. साखर, पाव, बटाटा बंद आणि लोणी, अंडी, मलई पोटभर, एवढ्यानं लठ्ठपणा उतरतो, हे त्यांना एकदाचं सिद्ध करून दाखवायचं होतं. या एका हट्टापायी त्यांनी पंधरा वर्षं घातली होती, आणि लोकांचं हसूही झेललं होतं.

सुरुवात चाळीस जणांनी केली. कोणी केकवर घसरलं, कोणी लोण्याला विटलं. उरले बरोबर वीस. एकोणीस झाले तर अभ्यास बाद, असं वरच्या समितीनं लिहूनच दिलं होतं. त्यामुळे हल्ली डॉक्टर या वीस जणांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होते.

"पट्टी आजही जांभळी," नर्स कौतुकानं म्हणाली. लघवीत बुडवलेली पट्टी जांभळी झाली तर पथ्य पाळलंय, फिकी राहिली तर चोरून पाव खाल्लाय, असा हिशोब होता. एकतीस नंबरची पट्टी एकदाही फिकी राहिली नव्हती. भाचीच्या वाढदिवसाला तिनं स्वतः केक कापून सगळ्यांना वाटला आणि बोटाला लागलेलं क्रीम नळाखाली धुऊन टाकलं. सव्वीस किलो उतरले होते. डॉक्टरांचं नाक वर होतं, ते तिच्याच जोरावर.

"एवढी जिद्द आणता कुठून हो?" नर्स तिला नेहमी विचारायची. या नर्सला सगळे ताई म्हणत, डॉक्टरसुद्धा. एकतीस नंबर मात्र वर्षभर तिला सिस्टरच म्हणत आली होती.

जिद्द कसली, राग होता. लोणी नावाला, वर्षभर ती त्या रागावरच जगली होती. एक गोष्ट मात्र तिलाही नाकारता येत नव्हती. पथ्य लागू पडलं होतं. गुडघे दुखायचे थांबले होते, जिना चढताना दम लागत नव्हता. माणूस हुशार होता, त्याच्या हाताला गुण होता. मग तेव्हा हा हात कुठे गेला होता, या विचारानं तिचं डोकं आणखीच भडकायचं.

"आणि इथे? जरा डावीकडे?"

"तिथे ताईला दुखायचं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चमकून नर्सकडे पाहिलं. "ताई, तुमच्या पोटात दुखतं? कधी बोलला नाहीत."

"मला कुठे काय?" नर्स गोंधळली.

"यांच्या नाही. माझ्या ताईच्या." ती उठून बसली. अंगावरची चादर तिनं नीट केली. "इथेच, डाव्या बाजूला. सहा वर्षं झाली. त्या खुर्चीवर बसली होती, मी शेजारी उभी होते. एकशे दहा किलोची होती माझी ताई. तुम्ही तिला या टेबलावर घेतलंच नाही."

डॉक्टर आठवू लागले. अगदी मनापासून आठवत होते, हे तिला दिसत होतं. काहीच आठवत नव्हतं, हेही दिसत होतं.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"गाठ. दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताला लगेच लागली. पण तोवर पाच महिने गेले होते."

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. पहिल्या दिवशी सही केलेलं संमतिपत्र. बाकीचे न वाचता सही ठोकून मोकळे झाले होते. तिनं ते तीनदा वाचलं होतं, आणि कलम सात तिला पाठ होतं. सहभागी व्यक्तीला केव्हाही बाहेर पडता येईल, कारण सांगावं लागणार नाही, आणि तिची सर्व माहिती अभ्यासातून काढून टाकली जाईल. पहिल्याच महिन्यात ती बाहेर पडू शकली असती. पण तेव्हा ती चाळीस जणांतली एक होती. एकेक जण गळत गेला, तशी तिची किंमत वाढत गेली, आणि ती मुकाट्यानं लोणी खात राहिली. कलम सातखालच्या रिकाम्या जागेत आज सकाळीच तिनं सही केली होती.

वाचता वाचता डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते त्या खुर्चीवर बसले.

"अहो, उद्या समिती येतेय," ते म्हणाले. "माझं सोडा. यानं किती लोकांचं भलं होईल, विचार करा. तुमच्या ताईंसारख्यांचंच."

हे खरं होतं. तिनं तोही विचार करून पाहिला होता, आणि तरीही सही केली होती.

ती टेबलावरून उतरली आणि चपला घालायला वाकली. वर्षापूर्वी वाकून चपलेचा पट्टा लावणं तिला जमत नसे, भाचीला हाक मारावी लागे. आज तिनं दोन्ही पट्टे सावकाश, नीट लावले.

"निदान एवढं तरी सांगा," डॉक्टर म्हणाले, "मी तेव्हा त्यांना म्हणालो तरी काय होतो?"

"आधी वजन कमी करा, मग या." ती सरळ उभी राहिली. "तिला जमलं नाही. मी केलं, आणि आले."