टेपचं टोक

टेपची डबी थोरल्याच्या हातात होती, टोक धाकट्याच्या. मधे वडिलांचं कापडाचं दुकान. गवंडी दोरी घेऊन उभा होता; वाटणीची भिंत कुठं घालायची हे दोघा भावांचं ठरलं की तो कामाला लागणार होता. सकाळपासून ठरत नव्हतं.

"भिंत एक हात तुझ्या बाजूला," थोरला म्हणाला.

"एक वीतसुद्धा नाही." धाकटा छातीचा डॉक्टर. दुकानात जन्मात बसला नव्हता, पण चिकाटी अस्सल दुकानदाराची.

थोरला पट्टी धरून पुढे आला आणि हव्या त्या आकड्यावर त्याने अंगठा रोवला. धाकट्याने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. तो अंगठ्याकडे बघत होता.

"दादा, बोटांची टोकं अशी कधी फुगली?"

"झालं असेल वर्ष. खात्यापित्या घरची बोटं आहेत."

"नखंही वाकलीत. खोकला आहे?"

"आहे जुनाच. हातभर जागेसाठी आता मला आजारी पाडतोस का?"

धाकट्याने टोक पायाखाली दाबलं आणि आपल्या दोन हातांची दोन बोटं उलटी करून नखाला नख भिडवलं. नखांच्या मुळाशी तिळाएवढी फट राहिली. तिच्यातून उजेड दिसला.

"असं कर."

डबी काखेत मारून थोरल्याने केलं. नखाला नख घट्ट बसलं. ना फट, ना उजेड.

"बघ," तो खुशीत म्हणाला, "आपल्याकडे गळती नाही!"

गवंडी हसला. धाकट्याने पाय उचलला. पट्टी सर्रकन डबीत शिरली.

"भिंत तू म्हणतोस तिथं घाल. उद्या सकाळी माझ्याकडे ये, छातीचा फोटो काढू. वहिनीलाही आण."

थोरल्याची कळी खुलली, आणि तशीच मिटली. उभा जन्म त्याने कापड विकलं होतं. घासाघीस करता करता गिऱ्हाईक एकाएकी गप्प झालं, तर एकतर ते खुळं असतं, नाहीतर त्याला कापडात खोट दिसलेली असते. आणि भाऊ खुळा नव्हता.

"मालक, बांधू दोरी?" गवंड्याने विचारलं.

"थांब जरा."

थोरल्याने पट्टीचं टोक पुन्हा ओढून काढलं आणि भावापुढे धरलं.

"धर हे. आणि भांड. एक वीत तरी माग की रे."