धाकटीचा ऑप्शनल

"भूगोल? छे! तुझ्या भल्यासाठी सांगते, त्या वाटेलाही जाऊ नकोस," ताई म्हणाली आणि इस्त्री बाहीवरून जरा जास्तच जोरात फिरवली.

पलंगावर मांडी घालून बसलेली धाकटी बहीण पेन चावत होती. "मग ऑप्शनल विषय घेऊ तरी कोणता?"

"तत्त्वज्ञान. अभ्यासक्रम एवढासा, पुस्तकं चार. भूगोलाचा पसारा तुला झेपायचा नाही. मी तीनदा त्यात बुडाले, आणखी काय सांगू!"

बुडाल्याचं खरं होतं. अधिकारी होण्याच्या त्या परीक्षेत ताई तिन्ही वेळा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली आणि तिन्ही वेळा ऑप्शनलच्या गुणांनी तिला खाली ओढलं. मग वय निघून गेलं, आणि ती एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीमागे जाऊन बसली. पण तत्त्वज्ञानाचं साफ खोटं होतं. धाकटीला व्याख्यांचा मनापासून कंटाळा. 'अस्तित्व म्हणजे काय' असं कुणी विचारलं तर ती तोंडावर जांभई देईल, हे ताईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

लग्न, शाळेतली नोकरी असं करत करत धाकटीनं परीक्षेचं फार उशिरा मनावर घेतलं होतं. वयाच्या अटीमुळे ही तिची पहिलीच खेप आणि शेवटचीही. नवरा फिरतीच्या कामावर, म्हणून अभ्यासापुरती ती ताईकडे राहायला आली होती. ऑप्शनल अर्जातच भरायचा होता, आणि एकदा अर्ज गेला की तो बदलायची सोय नव्हती.

धाकटी पास झाली तर? नुसत्या विचारानं ताईच्या पोटात दुखायचं. आई साऱ्या नात्यागोत्यात सांगत सुटेल. कुणी चुकून विचारलंच, "आणि थोरली काय करते?" तर आई म्हणेल, "आहे ना, दवाखान्यात आहे," आणि पुन्हा धाकटीकडे वळेल.

तशी ही पोटदुखी जुनीच. धाकटीचं नशीबच मुळी जोरावर! कॉलेजच्या निरोप समारंभाला ताईनं तिच्यासाठी मातकट रंगाचा ड्रेस काढून ठेवला होता. "तुझ्या भल्यासाठी सांगते, तुला हाच खुलतो." बाईसाहेब निळा घालून गेल्या आणि सगळे बघतच राहिले. शाळेची नोकरी नको म्हणून ताईनं जीव तोडून सांगितलं, तर धाकटीनं नेमकी तीच धरली आणि मुलांची लाडकी झाली. लग्नाच्या वेळी तर कहरच. "मुलगा घुम्या आहे गं. तुझ्या भल्यासाठी सांगते, नाही म्हण." धाकटीनं मान डोलावली आणि महिन्याभरात त्याच घुम्याशी लग्न ठरवलं. तो आता सकाळ-संध्याकाळ फोन करून तिला हसवत असतो.

दरवेळी धाकटी सगळं ऐकून घ्यायची, हसायची, वाद कधी घालायची नाही. तरी शेवटी तिचंच फावायचं. काही लोकांना वाढलेलं ताटच मिळतं, असं ताई स्वतःशी म्हणायची.

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी ताई कामावरून घरी आली. स्वयंपाकघरात धाकटी दूध तापवत उभी होती. वाफेनं खिडकीची काच धुरकटली होती आणि तिच्यावर ती बोटानं नदी काढत होती. उगम, वळणं, एकेक उपनदी, शेवटी समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश. समोर ना पुस्तक, ना नकाशा. तोंडानं कसलंसं गाणं चाललेलं. दूध वर आलं तशी तिनं गॅस बंद केला आणि बाहीनं नदी पुसून टाकली.

ताई दारातच थबकली. हीच नदी पाठ करायला तिनं अख्खा उन्हाळा घालवला होता, आणि तरी परीक्षेत दोन उपनद्या भलत्याच काठाला जोडल्या होत्या. हेवा करायलासुद्धा थोडीफार बरोबरी लागते. इथं तीही नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला धाकटीचा राग आला नाही, स्वतःचीच लाज वाटली.

"ऐक," ती म्हणाली. "भूगोलच घे."

धाकटीनं वळून पाहिलं. "अगं, तूच म्हणालीस ना, पसारा झेपायचा नाही म्हणून?"

"म्हणाले होते. चुकलं माझं."

मला तुझा हेवा वाटत होता, एवढंच पुढं सांगायचं होतं. पण तिच्या तोंडून सवयीचंच निघालं. "तुझ्या भल्यासाठी सांगते गं, भूगोलच घे."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "नक्की?"

"अगदी नक्की."

"बरं," म्हणून धाकटी हसली आणि दुधाचा पेला तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ताईनं अर्धी रजा टाकली. माळ्यावरची ट्रंक खाली ओढली, धूळ झटकून जुने नकाशे पलंगभर मांडले. कोपरे दुमडलेले होते ते हातानं सरळ केले. आपली वाया गेलेली वर्षं कुणाच्या तरी कामी येणार, या विचारानं तिला भरून आलं. आईला सांगू दे साऱ्या नात्यात. आपणही सांगू.

"भरला बाई एकदाचा अर्ज!" धाकटी सायबर कॅफेतून परतली. चपला काढता काढता तिचं पलंगाकडे लक्ष गेलं. "हे सगळं कशाला काढलंस?"

"कशाला म्हणजे? लागतील ना तुला."

"मी तत्त्वज्ञान भरलं, ताई."

ताई मांडलेल्या नकाशांवरच बसली. "अगं पण... तुला तर भूगोल..."

"मनातून तोच होता. कालपर्यंत तोच भरणार होते." धाकटी तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. आवाजात राग नव्हता, की टोमणा नव्हता. "पण काल तू म्हणालीस ना, तुझ्या भल्यासाठी सांगते म्हणून. लहानपणापासून ते ऐकलं की मी डोळे मिटून उलटं करते. आजवर एकदाही फसले नाही."