निनावी अर्ज

"अर्जावर नाव कुणाचंच नाही. मग शलाका, मी रागवायचं तरी कुणावर?" विभागप्रमुख हसले.

"माझ्यावर, सर. संशोधक विद्यार्थ्यांची प्रतिनिधी मी आहे."

घारीपासून पिल्लू झाकावं, तसं तिनं अर्ज लिहिणारीचं नाव पोटात झाकलं होतं. सर आमचे शोधनिबंध स्वतःच्या नावावर छापतात, एवढंच त्यात म्हटलं होतं.

सर सावकाश वाचत गेले. प्रत्येक आरोपाखाली तळटीप होती. पुराव्यावाचून लिहिणं संशोधकाच्या हाताला जमतच नाही.

"वा! आधी तारीख, मग पान. अशी तळटीप मी एकाच पोरीला शिकवली." त्यांनी फोन उचलला. आवाज दुधावरच्या सायीसारखा मऊ झाला. "कावेरी बाळ, प्रबंध घेऊन ये हो. माझी सही राहिलीय ना?"