तोंडं जमिनीकडे

नावाड्याच्या पत्राला त्यांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आज भिंतीची ओल पाहायला बायकोने कपाट सरकवायला लावलं, आणि मागून ते निघालं. मागे पडलं होतं म्हणावं, तर खोटं कशाला, त्यांनीच सारलं होतं.

"साहेब, तुमच्या बिल्ल्याचा मासा दिसला. नंबर ३४०. थंडीत हे दक्षिणेला जातात म्हणाला होतात. जात नाहीत. बंदराच्या भिंतीशी शंभरेक उभे आहेत, तोंडं जमिनीकडे करून. आमिष खात नाहीत, होडीला भीत नाहीत. एक हाताने उचलला, नंबर वाचला, सोडला. पुन्हा तिथंच जाऊन उभा राहिला. बाकीचे म्हणतात, आयते आलेत, ओढा. माझा हात होत नाही. जाळं टाकायचं का, कळवा. तोवर मी होडी आडवी घालून बसतो."

ही जात वर्षागणिक कमी होत होती. ती हिवाळ्यात कुठे जाते, हे शोधण्यात त्यांची मत्स्यखात्यातली नोकरी सरली. पाहणीच्या जाळ्यात थंडीत एकही मासा येत नसे. म्हणून नकाशावर दक्षिणेकडे जाड बाण काढून ते निवृत्त झाले. पाहणीची लाँच बंदराच्या आत कधी फिरलीच नव्हती.

त्यांनी जुनी नोंदवही उघडली. ३४०: वीतभर पिल्लू, बिल्ला लावून खाडीत सोडलं. पुढच्या दोन पानांवरचे मासेही त्याच खाडीतले. ती कधीच बुजवली होती. जुना नकाशा त्यांनी नव्यावर ठेवून उजेडासमोर धरला. खाडीवरून फिरणारं बोट भरावावरच्या सरकारी वसाहतीत शिरलं आणि तिसऱ्या घरावर थांबलं. त्यांच्याच.

"अहो, भिंतीला मीठ फुटलंय," बायको बोट चाटून म्हणाली. "खारट लागतंय."

त्यांनी पेन शोधलं. आता उत्तर मिळून तो त्याचं काय लोणचं घालणार, असं तिने विचारलं.

"तो अजून होडी आडवी घालून बसला असेल तर?"

टपालाचं तिकीट तिनेच काढून दिलं.

त्यांनी लिहिलं: "जाळं टाकू नका. बाण माझा चुकला. ते घरी जायला थांबलेत. त्या घरावर आम्ही राहतो."

पत्रपेटी कोपऱ्यावरच होती. तिथवर ते पाय जपून टाकत गेले, खाली कुणी असावं तसे. पत्र आत सोडलं.