नानांचे कान

व्हिएतनाममधल्या शाळेत धनश्रीला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, तसे काका धुळ्याहून तडक सुरतेला आले.

"तुला त्या पोरांची भाषा येत नाही, त्यांना तुझी येत नाही. शिकवशील कशी? हातवारे करून?"

"हो, हातवारे करून. ओठ दाखवून."

"बापाला विचारलंस?"

"आता विचारते."

कापडगिरणीतल्या लूमच्या खडखडाटात तिच्या वडिलांचे, नानांचे, कान कधीच गेले होते. त्यांच्यासमोर बसून धनश्रीने सावकाश ओठ हलवले, हाताने विमान उडवलं, हवेत फळा काढला. लहानपणापासून ती त्यांच्याशी अशीच बोलायची.

नानांनी काकांकडे पाहिलं आणि हवेतच दांडा धरल्यासारखी मूठ झटक्याने ओढली.

"काय म्हणतोय हा?"

"लूम चालू कर, म्हणताहेत," धनश्री म्हणाली आणि बॅग भरायला उठली.